नोझल निर्दोष धरा

'सेल्फ चांगला घेतोय ना? तरी गाडी उचलत नाही? मग पंप-नोझलचंच काम. काढून टेस्टिंगला पाठवू.' हा निकाल महाराष्ट्रातल्या कुठल्याही हमरस्त्यावरच्या गॅरेजात बॉनेट उघडण्याआधी ऐकू येतो. ऐकणारा मान डोलावतो, कारण त्याच्या साडूच्या गाडीलाही असेच झाले होते आणि चारही नोझल बदलल्यावर ती सुरू झाली होती. साडूच्या गाडीला नोझलबरोबर नवा डिझेल फिल्टर बसला होता, पाइपातली एअर निघाली होती, सगळी कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवली गेली होती आणि बॅटरी दोन रात्री चार्जिंगला होती, हे मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही. चारपाच गोष्टी एकदम बदलल्या, गाडी सुरू झाली, आणि श्रेय सगळ्यात महाग वस्तूला मिळाले. अशा श्रेयावर पुढचा निकाल उभा राहतो आणि त्याला 'अनुभव' म्हणतात.

नोझल कधी बिघडतच नाहीत असे माझे म्हणणे नाही. बिघडतात, आणि तो बिघाड सिद्ध कसा करायचा तेही पुढे येईल. म्हणणे इतकेच आहे की सेल्फ फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, एवढ्या एका लक्षणाने संशयितांची यादी आधीच निम्मी झालेली असते. उरलेली यादी एकही नट न सोडता अर्ध्या तासात आणखी आखूड करता येते. हे न करता जो थेट नोझलला पाना लावतो, तो आपल्या अंदाजाचा खर्च गिऱ्हाइकाच्या बिलात लिहीत असतो.

रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला आपले इंजिन चालवून दाखवले. त्यातली मूळ युक्ती आजही बदललेली नाही. पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, इथे नाही. सिलिंडरमधली हवा सोळा ते अठरा पट दाबायची, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या पलीकडे तापते, आणि त्यात डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपला आपण पेटतो. डिझेलला स्वतःहून पेटायला दोनशे अंशांपेक्षा थोडेच जास्त तापमान लागते. म्हणजे हवा पुरेशी दाबली जायला हवी, डिझेल पुरेशा जोराने यायला हवे आणि ते नेमक्या क्षणी यायला हवे. नोझल हा या साखळीतला अगदी शेवटचा दुवा. टाकी, फिल्टर, पाइप, पंप, रेल, सेन्सर, इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) एवढ्यांचे सगळे ठीक असेल तेव्हा कुठे त्याची पाळी येते. चौकशी मात्र त्याच्यापासूनच सुरू होते.

बोलायला एक इंजिन समोर ठेवू, म्हणजे हवेत गोळीबार नको. फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट. ते पुण्याजवळच्या रांजणगावात बनले आणि सुझुकीच्या मानेसरच्या कारखान्यातही बनले. २००७ साली ते स्विफ्ट डिझेलमध्ये आले, मग डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा इतक्या गाड्यांत बसले की त्याला गमतीने राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणत. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, पण आधीच्या गाड्या रस्त्यावर आहेतच; बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे, आणि म्हणून बहुतेक कंपनीच्या वर्कशॉपऐवजी नाक्यावरच्या गॅरेजात. अंदाजाने पार्ट बदलण्याचा सगळ्यात मोठा भुर्दंड हाच मालक भरतो. गाडीची किंमत दोन-अडीच लाख आणि समोर चार नोझलांचे कोटेशन.

हे इंजिन कॉमन रेलचे. १९९७ मध्ये आल्फा रोमिओ १५६ या मोटारीतून ही पद्धत प्रवासी गाड्यांत आली. त्याआधी पंप प्रत्येक सिलिंडरला वेगळा दाब पाठवायचा. कॉमन रेलमध्ये पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाब साठवतो आणि नोझल कधी आणि किती वेळ उघडायचे ते इसीयू ठरवतो. या बदलातच आपल्या सगळ्या वादाची किल्ली आहे. सेल्फ मारताना रेलमधला दाब साधारण दोनशे ते अडीचशे बारपर्यंत चढला नाही, तर इसीयू नोझल उघडण्याचा हुकूमच देत नाही. टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो, त्यावरून हा आकडा केवढा ते कळेल. तो का चढला नाही, याची दहा कारणे असू शकतात. नोझल त्यांपैकी एक. आणि दाब चढूनही हुकूम निघाला नसेल, तर नोझलचा या प्रकरणाशी संबंधच उरत नाही.

आता ती अर्ध्या तासाची चौकशी. पहिले काम कानांचे. 'सेल्फ फिरतो' हे अर्धवट वाक्य आहे. कसा फिरतो ते सांगा. डिझेल इंजिनाला पेट घ्यायला मिनिटाला दीडशे-दोनशे फेऱ्या तरी लागतात. त्याहून मंद फिरले तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या गार भिंती पिऊन टाकतात. कण्हत कण्हत फिरणारा सेल्फ म्हणजे बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा इंजिनाची अर्थची पट्टी. सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर लावा. साडेनऊ व्होल्टच्या खाली गेला की सेल्फ फिरत राहतो, पण तिकडे इसीयू डोळे मिटू लागतो. 'बॅटरी चांगली आहे, हॉर्न वाजतोय की' हा युक्तिवाद इथे कामाचा नाही. हॉर्न वाजवायला लागणारा करंट सेल्फच्या तुलनेत किरकोळ असतो.

याच्या उलट आवाज जास्त भयंकर. सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि वेगात फिरतो, दाबाचा ठेका ऐकूच येत नाही, नुसती घरघर. हा टायमिंग सुटल्याचा संशय, आणि इथे हात लगेच किल्लीवरून काढायचा. मल्टिजेटला चेन आहे. पण डस्टर, व्हेरिटो यांतल्या रेनॉच्या दीड लिटर इंजिनाला आणि चाकणला बनलेल्या पोलोच्या डिझेलला बेल्ट आहे. बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हला धडकतो. प्रत्येक जादा सेल्फ म्हणजे जादा नुकसान. अशा गाडीचे नोझल काढून टेस्टिंगला पाठवले तर ते उत्तम स्थितीत परत येतील, आणि त्यांच्या टेस्टिंगचे बिलही येईल.

दुसरे काम डोळ्यांचे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचे. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाशी बघायचे. पांढरट, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येतो आहे का? येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये पोचते आहे, पण पेटत नाही. मग कॉम्प्रेशन, टायमिंग, मंद सेल्फ, डिझेलमधले पाणी किंवा टाकीत चुकून पडलेले पेट्रोल अशा वाटेने जायचे. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाही, किंवा इसीयू ते सोडत नाही. म्हणजे टाकीपासून रेलपर्यंतची वाट आणि सेन्सर. एका नजरेत यादीचे दोन तुकडे झाले. बीएस-६ गाड्यांत सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर धूर लपवू शकतो, तेवढे सांभाळून घ्या. हा धूर न बघता पाना उचलणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणायला तयार नाही, मग भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे टांगलेली असोत.

धूर नाही असे धरून पुढे जाऊ, कारण पंप-नोझलवाल्यांचा दावा इथेच सगळ्यात जोरात असतो. डिझेल आहे का? प्रश्न बावळट वाटतो. पण काटा अडकलेला असतो, चढावर उभ्या गाडीत पाइपचे तोंड उघडे पडलेले असते. फिल्टर कधी बदलला? त्यातले पाणी कधी सोडले? पावसाळ्यात पेट्रोल पंपाच्या टाकीतून पाणी येते ही नुसती तक्रार नाही, फिल्टरच्या तळाची बाटली बघितली की दिसते. नुकताच फिल्टर बदलला असेल आणि तेव्हापासून गाडी बंद असेल, तर उत्तर जवळजवळ समोर आहे: एअर. काही गाड्यांत टाकीत इलेक्ट्रिक पंप असतो, किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून त्याची दोन-तीन सेकंदांची गुणगुण ऐकू यायला हवी. काहींत फिल्टरजवळ हाताने दाबायचा पंप असतो, तो कडक होईपर्यंत दाबायचा. पारदर्शक पाइपाचा एक तुकडा मध्ये जोडला तर बुडबुडे दिसतात. वाळलेला ओ-रिंग डिझेल बाहेर गळू देत नाही, पण हवा आत ओढू देतो. जमिनीवर थेंब नाही म्हणून पाइप ठीक, असे म्हणणाऱ्याला हे माहीत नसते. आणि काही गाड्यांत आपटल्यावर डिझेल तोडणारा इनर्शिया स्विच असतो. रस्त्यातल्या खड्ड्याने तो उडतो, आणि एक बटण दाबून पूर्ववत होतो. त्या बटणासाठी मैलोन्मैल टोइंग झालेले आहे.

तिसरी पायरी स्कॅनर. आणि इथे मला दुसऱ्या बाजूच्या मंडळींशीही भांडायचे आहे. एका गटाला स्कॅनर म्हणजे कंपनीची लुबाडणूक वाटते, दुसऱ्याला तो देववाणी वाटतो. पी-००८७ असा कोड आला की हा दुसरा गट म्हणतो, 'मशीनच सांगतंय, पंप गेला.' मशीन तसे सांगत नाही. त्या कोडचा अर्थ रेलमधला दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे, बस्स. तुंबलेला फिल्टर, एअर, दमलेला टाकीतला पंप, अडकलेला मीटरिंग व्हॉल्व्ह, रेलवरचा उघडा राहिलेला प्रेशर व्हॉल्व्ह, झिजलेला मोठा पंप, परतीच्या वाटेने डिझेल सोडणारा नोझल, यांतले काहीही. कोड गुन्हा झाल्याचे सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. स्कॅनरचा खरा उपयोग कोड वाचण्यात नाहीच, सेल्फ मारताना चालू आकडे बघण्यात आहे. दोनच आकडे बघा: इंजिनाच्या फेऱ्या आणि रेलचा दाब.

फेऱ्यांचा आकडा सेल्फ फिरत असताना शून्यच दाखवत असेल, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. इसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नाही, मग डिझेल कशाला सोडेल? गाडी तापल्यावर बंद पडते, तासाभराने गार झाली की लागते, ही तर या सेन्सरची नेहमीची खोड. दाबाचा आकडा शून्याच्या आसपास रेंगाळत असेल तर फिल्टर-एअरची वाट आणि मग व्हॉल्व्ह. ऐंशी-शंभर बारपर्यंत चढून तिथेच अडकत असेल तर कुठून तरी गळती आहे, आणि आता, पहिल्यांदा, नोझलवर संशय घ्यायला आधार मिळाला. दाब अडीचशेच्या वर गेला आणि तरी गाडी उचलत नाही, तर पंप निर्दोष सुटला. मग कॅम आणि क्रँकच्या सिग्नलचा मेळ, इमोबिलायझर, नोझलकडे जाणाऱ्या वायरी. इमोबिलायझर काही गाड्यांत सेल्फ फिरू देतो आणि फक्त डिझेल अडवतो. डॅशबोर्डवरचा किल्लीचा दिवा लुकलुकत असतो आणि त्याकडे कुणी बघत नाही, सगळे बॉनेटमध्ये वाकलेले. दुसरी किल्ली लावून बघायला एक मिनिट लागते.

वायरींचे म्हणाल तर आपल्याकडे पावसाळा सुरू झाला की उंदीर कोरड्या, उबदार इंजिनावर बिऱ्हाड थाटतात. सेन्सरची एक बारीक वायर कुरतडली की लाखोंची गाडी जागच्या जागी थांबते. गणपतीच्या वाहनाने आपल्या वाहनाशी असे वागावे हा अन्यायच, पण त्याची शिक्षा नोझलला देण्याचे कारण नाही.

आता विरोधकांचे म्हणणे ऐकू. पहिले म्हणणे जुन्या गाड्यांच्या प्रेमातून येते: जीप, टाटा ४०७, मायकोचा पंप, त्यांना ही कॉम्प्युटरची भानगड नव्हती, एक मिस्त्री आणि दोन पाने पुरत. हे म्हणणारे त्या मिस्त्रीलाच विसरलेले आहेत. तो काय करायचा आठवा. आधी फिल्टरचा बोल्ट ढिला करून हातपंप मारायचा, बुडबुडे संपेपर्यंत बघत राहायचा, मग पंपाचा, मग एकेका नोझलचा नट ढिला करून डिझेल तिथवर आले का ते बघायचा. टाकीकडून सिलिंडरकडे, एकेक टप्पा. पंपाला हात लावायची पाळी शेवटी. तो चौकशीच करत होता, फक्त तिला तो चौकशी म्हणत नव्हता. इलेक्ट्रॉनिक्सने ती शिस्त मोडली नाही, उलट सोपी केली. ज्या दाबाचा त्याला बोटाने अदमास घ्यावा लागे त्याचा आज आकडा दिसतो. शिस्त आपण सोडली आणि खापर कॉम्प्युटरवर फोडले.

त्या मिस्त्रीची एक सवय मात्र आजच्या गाडीवर मुळीच चालवू नये. नोझलचा नट ढिला करून सेल्फ मारणे. जुन्या पंपात ते खपून जाई. कॉमन रेलमध्ये सेल्फवरच शेकडो बार आणि चालू इंजिनात चौदाशे-सोळाशे बार दाब असतो. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून बोटात शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण, वेदनाही आधी फारशी नाही, आणि आत डिझेल मांस कुजवत जाते. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हात गमावावा लागतो. 'मी वीस वर्षे असंच करतोय' हे उत्तर इथे ऐकून घेऊ नका.

दुसरे म्हणणे, स्प्रे मारा. एअर फिल्टरच्या पाइपात स्टार्टिंग स्प्रेची फवारणी केली आणि गाडी दोन क्षण धडधडून बंद पडली की लगेच निष्कर्ष निघतो: बघा, नोझल डिझेल देत नाहीत. त्या धडधडीने सिद्ध झाले ते एवढेच की कॉम्प्रेशन पेट घ्यायला पुरेसे आहे. डिझेल कुठे अडले याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. शिवाय त्या फवाऱ्यातला ईथर डिझेलपेक्षाही कमी तापमानाला पेटतो. लाल झालेला ग्लो प्लग (हीटर प्लग) समोर असेल तर ईथर पिस्टन वर यायची वाट बघत नाही. फुटलेले मॅनिफोल्ड आणि तडकलेले पिस्टन अशाच फवाऱ्यांतून निघतात.

धक्का मारून किंवा ट्रॅक्टरला बांधून सुरू करणे हा त्याचाच भाऊबंद. बॅटरी उतरली असेल तर धक्क्याचा उपयोग आहे. सेल्फ व्यवस्थित फिरतो आहे, तर धक्का त्याहून वेगळे काय करणार? चाकांनी फिरवलेले इंजिन आणि सेल्फने फिरवलेले इंजिन, डिझेल दोघांनाही सारखेच मिळत नाही. वर टायमिंग बेल्ट जुना असेल तर तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडल्याच्या हिसक्याने तो दात सोडतो.

मग 'थंडीमुळे, हीटर प्लग बदला' हे ठरलेले वाक्य. जुन्या, अप्रत्यक्ष इंजेक्शनच्या इंजिनांना ग्लो प्लग खरोखर लागत. थेट इंजेक्शनच्या इंजिनाला पुण्या-नाशकाच्या थंडीत त्यांच्यावाचून फारसे अडत नाही. सुरू होताना थोडे खोकेल, धूर सोडेल, पण सुरू होईल. डिझेल गोठणे हा प्रकार खरा आहे, पण तो लडाखचा. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले. महाबळेश्वरच्या गुलाबी थंडीत डिझेल गोठल्याचे निदान करणाऱ्याने आधी आपला थर्मामीटर तपासावा.

शेवटचे म्हणणे सगळ्यात वजनदार आहे, आणि त्याला उडवून लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. गॅरेजवाला म्हणतो: मी अर्धा तास मीटर लावून, धूर बघून, आकडे वाचून सांगितले की सेन्सरचा कनेक्टर सैल होता, तर गिऱ्हाईक मला काय देणार? 'नुसता कनेक्टर तर दाबलास, त्याचे पाचशे?' हे खरे आहे. आपण पार्टचे पैसे बिनतक्रार मोजतो, कारण पार्ट हातात घेऊन बघता येतो. डोक्याचे पैसे मोजताना आपला हात आखडतो. मग ज्याला डोके आहे तोही पार्ट विकायला शिकतो, आणि ज्याला नाही त्याचे तर फावतेच. पंप-नोझलच्या निकालाला गॅरेजइतकाच गिऱ्हाईकही जबाबदार आहे. पण यातून अंदाज बरोबर ठरत नाही. दर चुकीचा आहे, एवढेच ठरते. गॅरेजने फलकावर निदानाचा वेगळा दर लिहावा, गिऱ्हाइकाने तो घासाघीस न करता द्यावा. कनेक्टर दाबण्याचे पाचशे ज्याला खुपतात, त्याने चार नोझलांच्या कोटेशनशी ते ताडून बघावेत.

पैसे दिले की लेखी मागायचा हक्क येतो. बॅटरीचे सेल्फवरचे व्होल्ट, सेल्फवरच्या फेऱ्या, रेलचा दाब, सापडलेले कोड, एवढे जॉबकार्डवर लिहून द्यायला दोन ओळी लागतात. जो आकडे लिहायला नकार देतो त्याने ते घेतलेले नसतात. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेल्या सेवेचे बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तेव्हा 'बिल कशाला, आपलीच गाडी आहे' या आपुलकीला भुलू नका. बदललेला पार्ट परत मागा, आणि तो खरोखर आपल्याच गाडीचा आहे का ते बघा.

राहिला प्रश्न नोझल दोषी असल्याचा. त्याची तपासणी इतकी स्वस्त आहे की ती न करण्याला सबबच उरत नाही. प्रत्येक नोझलमधून थोडे डिझेल परतीच्या पाइपाने टाकीकडे जाते. ते पाइप काढायचे, चारही तोंडांना पारदर्शक नळ्या जोडून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि काही सेकंद सेल्फ मारायचा. हा परतीचा पाइप कमी दाबाचा, इथे हात लावायला भीती नाही. चारही बाटल्यांत तळ भिजेल इतकेच आणि सारखे डिझेल आले, तर दाब नोझलमधून पळत नाही. पंप आणि व्हॉल्व्हकडे चला. एका बाटलीत बाकी तिघींच्या मानाने भरपूर साचले, तर हा तुमचा गुन्हेगार, आणि तो नाव-नंबरासह सापडला आहे. खात्री हवी तर त्याची रेलकडची वाट बंद करणारी टोपी लावून पुन्हा दाब बघा. तो चढला की संशय फिटला.

मग तो एकच नोझल काढा. नव्याच्या अंगावर कोरलेला कोड इसीयूत भरून घ्या, अनेक इंजिनांना तो लागतो, नाहीतर गाडी खडखडते आणि धूर सोडते. बाकीचे तीन जागेवर राहू द्या. 'आता उघडलंच आहे तर चारही बदलून टाकू' असे कुणी म्हणाले, तर त्याच्यासमोर त्या तीन बाटल्या धरा.